कड्यांतील बिऱ्हाडें



उन्हाळ्याची सुट्टी लागली कीं शहरांतील माणसाला डोंगराची आठवण होते. कोणी माथेरानला जातात, कोणी महाबळेश्वर गांठतात, कोणी भंडारदऱ्याच्या तळ्याकांठीं चार दिवस काढून येतात. अलीकडे तर झाडावर बांधलेली खोली, तंबूंतला पलंग, मातीचें घर अशा नव्यानव्या सोयी निघाल्या आहेत. हवापालट व्हावा, डोळे निवावे, एखादी रात्र उघड्या आकाशाखालीं जावी, ही इच्छा मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. तिला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. परंतु या सर्व सोयींहून पुष्कळ जुनी अशी एक सोय आपल्या सह्याद्रींत दोन हजार वर्षांपासून उभी आहे. ती म्हणजे कड्यांत कोरलेलें बिऱ्हाड. लेणीं पाहावयास आपण जातों तीं बहुधा मूर्तींसाठीं आणि चैत्याच्या कमानीसाठीं. तेथें माणसें राहत होतीं, निजत होतीं, पावसाळे काढीत होतीं, ही गोष्ट आपल्या ध्यानांत फारशी राहत नाहीं. आज त्या राहण्याविषयींच बोलावयाचें योजिलें आहे. हीं बिऱ्हाडें घडलीं कशीं, त्यांचा खर्च चाले कसा, आणि आज डोंगरांत मुक्कामाला जाणाऱ्यानें त्यांपासून काय घ्यावें, असे या विषयाचे तीन भाग होतात.

प्रथम दगड पाहूं. सह्याद्रीचा काळा पाषाण हा अग्निजन्य आहे. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं जमिनीच्या भेगांतून तप्त रस वर आला, पसरला आणि थिजला. त्यावर पुन्हां रस आला आणि पुन्हां थिजला. असे थरावर थर बसून हा डोंगर झाला. म्हणूनच लांबून पाहतां त्याच्या अंगावर पट्टीनें ओढल्यासारख्या आडव्या रेघा दिसतात. हे सगळे थर सारखे कठीण नसतात. घट्ट थराचा उभा कडा होतो. सच्छिद्र थर, अथवा दोन थरांमधील तांबडी माती, पाऊसवाऱ्यानें झिजत जाते. खालचा मऊ थर झिजून आंत गेला आणि वरचा कठीण थर तसाच पुढें राहिला, कीं आपोआप छप्पर तयार होतें. त्याला आपण कपार म्हणतों. वळवाचा पाऊस आला म्हणजे गुराखी आजही अशाच कपारीचा आसरा घेतो. पाथरवटानें केलें तें याच्याच पुढचें पाऊल होय. त्यानें भेगा नसलेला एकसंध थर निवडला आणि त्यांत माणसाच्या मापाची खोली काढली. या खडकाच्या अंगीं आणखी एक गुण आहे. तो ऊन सावकाश घेतो आणि सावकाश सोडतो. त्यामुळें बाहेर वैशाखवणवा पेटला असतां आंत गारवा असतो, आणि पौषांत बाहेर दांत वाजत असतां आंत ऊब लागते.

आतां अशा खोल्यांची गरज कोणाला पडली? मुख्यतः बौद्ध भिक्षूंना. भिक्षूनें एके ठिकाणीं घर करून राहूं नये, गांवोगांव फिरावें, अशी मूळची रीत होती. परंतु हे लोक पावसाळ्यांतही फिरूं लागले, तेव्हां जनांत कुरकूर सुरू झाली. हे कोवळें गवत तुडवितात, बारीक जीवांचा नाश करितात. पावसांत पांखरेंसुद्धां झाडाच्या शेंड्यावर घरटीं करून स्वस्थ राहतात, मग यांनाच काय झालें, असें लोक म्हणूं लागले. विनयपिटकांतील महावग्ग या भागांत ही हकीगत आली आहे. त्यावरून पावसाचे तीन महिने एका जागीं काढण्याचा नियम झाला, तोच वर्षावास. हें कारण मोठें मननीय आहे. देहाला सुख व्हावें म्हणून हा मुक्काम ठरला नाहीं. आपल्या पायांचा गवताला आणि किड्यामुंगीला उपद्रव होऊं नये म्हणून ठरला. डोंगरांतील आपल्या सर्वांत जुन्या मुक्कामाच्या मुळाशीं पाहुण्याचा संयम आहे.

हें बिऱ्हाड प्रत्यक्ष कसें असे, तें पाहावयाचें असेल तर मुंबईकरांना फार लांब जावयास नको. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांत कान्हेरीचा डोंगर आहे. त्यांत शंभरांहून अधिक लेणीं आहेत. मोठा चैत्य पाहून बहुतेक मंडळी परततात. परंतु थोडे कष्ट घेऊन वरच्या पायऱ्या चढाव्या, आणि एखाद्या लहान लेण्यासमोर पांच मिनिटें उभें राहून त्याची रचना न्याहाळावी. चार पायऱ्या चढून आपण लहानशा अंगणांत येतों. अंगणाच्या एका बाजूस पाण्याचें टाकें असतें. पुढें दोन खांबांची ओसरी, ओसरीच्या आंत खोली, आणि खोलीच्या भिंतीला धरून दगडाचा ओटा. हाच भिक्षूचा पलंग. दाराच्या चौकटींत वर आणि खालीं खळगे दिसतात. लांकडी दार त्यांत फिरत असे. खडकावरून वाहत येणारें पावसाचें पाणी अंगावर न घेतां टाक्याकडे न्यावें म्हणून पन्हळी खोदलेल्या आहेत. बसावयास बांक आहेत, आणि तेहि अशा जागीं कीं पुढें दरी आणि झाडी दिसत राहावी. सामान म्हणावें असें येथें कांहींच नव्हतें. आणि तरीसुद्धां निवारा, निजणें, पाणी, बसणें आणि पाहणें या पांचही गरजा येथें भागत. विद्यार्थ्यांना घर या विषयावर निबंध लिहावयास सांगण्यापूर्वीं एकदां असें लेणें दाखवावें, असें मला शाळेंत असतांना नेहमी वाटे.

या पांचांत मुख्य पाणी. जुन्या शिलालेखांत टाक्याला ‘पोढी’ असा शब्द येतो. अमक्यानें लेणें दिलें आणि पोढी दिली, असे लेख कान्हेरीस आहेत. कल्याणचे व्यापारी दात्यांमध्यें पुष्कळ आढळतात. लेण्याबरोबर पोढीचा वेगळा उल्लेख करावासा वाटला, यावरूनच तिचें मोल कळतें. टाक्याची रचनाहि विचारपूर्वक केलेली असते. तोंड लहान आणि आंतील पोकळी मोठी. कित्येक ठिकाणीं आंत खांब सोडून वरच्या खडकाला टेकू दिलेला असतो. त्यास खांबटाकें म्हणतात. तोंड लहान असल्यानें ऊन आंत शिरत नाहीं. ऊन नाहीं म्हणून पाणी आटतें थोडें, आणि शेवाळहि माजत नाहीं. आपल्या डोंगरांत ही युक्ति नसती तर भागलें नसतें. सह्याद्रीवर पाऊस धो धो कोसळतो खरा; परंतु घट्ट काळा पाषाण पाणी पोटांत ठेवीत नाहीं. चार महिने प्रपात, आणि फाल्गुन सरतां सरतां घसा कोरडा, अशी या मुलुखाची स्थिति आहे. डोंगरमाथ्यावर चैत्र-वैशाखांत घागरभर गोड पाणी मिळतें तें कोणी तरी शेंकडों वर्षांपूर्वीं छिन्नी चालविली म्हणून.

येथवर घडणीचा विचार झाला. आतां खर्चाकडे वळूं. नाशिकजवळ पांडवलेणीं म्हणून जो समूह आहे, त्यांतील दहाव्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात याचे लेख आहेत. ते इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धांतील आहेत. हा गृहस्थ मोठा दानशूर होता. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक येथें, म्हणजे भडोच, मंदसोर, नाशिकजवळचें गोवर्धन आणि सोपारा येथें, त्यानें वाटसरूंसाठीं चौसोपी धर्मशाळा बांधिल्या. बागा, तळीं आणि विहिरी केल्या. तापी, दमण, डहाणूकडील नद्यांवर फुकट होड्या ठेविल्या. तेथील एका लेखांत हिशेबहि दिला आहे, आणि तो असा स्वच्छ आहे कीं गणिताच्या शिक्षकानें फळ्यावर मांडावा. त्यानें लेणें संघाला दिलें आणि ३,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेविले. त्यांपैकीं २,००० एका श्रेणीकडे, दरमहा दर शेंकडा एक या व्याजानें. आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा दर शेंकडा पाऊण या व्याजानें. त्या २,००० च्या व्याजांतून या लेण्यांत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकीं बारा कार्षापण चीवरासाठीं, म्हणजे वस्त्रासाठीं, द्यावे. आतां हिशेब पडताळून पाहा. दोन हजारांचें महिन्याचें व्याज वीस, वर्षाचें दोनशें चाळीस. आणि वीस भिक्षूंना बारा बारा म्हणजेहि दोनशें चाळीस. एका कवडीचा फरक नाहीं.

या लेखांतील दोन अटी मला त्या हिशेबाहूनहि महत्त्वाच्या वाटतात. पहिली अशी, कीं मुद्दल परत करावयाचें नाहीं; त्याच्या व्याजाचाच उपभोग घ्यावयाचा. दुसरी अशी, कीं हें लेणें चातुर्दिश संघासाठीं आहे. चारी दिशांकडून जो भिक्षु येईल त्याचा येथें अधिकार. देणाऱ्याला येणाऱ्याचें नांव ठाऊक नव्हतें. तो कोणत्या वर्षीं येईल, कोणत्या गांवाहून येईल, हेंहि ठाऊक नव्हतें. अनोळखी पाहुण्यासाठीं छप्पर, पाणी आणि वस्त्र यांची तजवीज करून ठेवावयाची, आणि पाहुण्यानें मुद्दलाला हात न लावतां व्याजावर राहून पुढच्यासाठीं जागा तशीच ठेवावयाची, हा त्या व्यवहाराचा गाभा आहे.

सगळींच बिऱ्हाडें भिक्षूंचीं नव्हतीं. जुन्नरकडून कोंकणांत उतरणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर एक प्रशस्त लेणें आहे. जुन्नर आणि कल्याण यांच्यामधील व्यापाराचा हा मार्ग होता. या लेण्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिका हिचा मोठा लेख असून त्यांत यज्ञांचीं आणि दक्षिणेचीं वर्णनें आहेत. आंकडे लिहिण्याच्या भारतीय पद्धतीच्या इतिहासांत या लेखाला मोठें स्थान आहे. समोरच्या भिंतीशीं सातवाहन कुळांतील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या; आज नांवें उरलीं आहेत आणि मूर्ति गेल्या आहेत. घाटाच्या तोंडाशीं दगडाचा एक मोठा रांजण आहे. जकातीचीं नाणीं त्यांत टाकीत असत असें सांगतात. घाट चढून घामाघूम झालेल्या वाटसरूला येथें सांवली मिळाली, जवळच्या टाक्यांचें पाणी मिळालें, आणि कोंकणांतून वर येणारा वारा मिळाला. आजहि घाट चढून माथ्यावर आलेल्याला प्रथम हीच जागा विश्रांति देते.

नाणेघाटाच्या उत्तरेस याच डोंगररांगेंत हरिश्चंद्रगड आहे. तो पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे २०२४ पासून अहिल्यानगर म्हटल्या जाणाऱ्या जिल्ह्याच्या अकोलें तालुक्यांत मोडतो. येथें हरिश्चंद्रेश्वराचें दगडी मंदिर, त्याच्याजवळ पुष्करणी, आणि खडकांत खोदलेल्या गुहांची ओळ आहे. केदारेश्वराच्या गुहेंत भलें मोठें शिवलिंग कमरेएवढ्या पाण्यांत उभें असून, त्याच्या भोंवतालच्या चार खांबांपैकीं एकच शाबूत आहे. चांगदेवांचें वास्तव्य या गडावर होतें अशी परंपरा आहे. पश्चिमेस कोंकणकडा. हा कडा नुसता उभा नाहीं. मधोमध आंत वळलेला आहे. त्याच्या कडेशीं पालथें निजून खालीं पाहिलें तरच कोंकण दिसतें. उभ्यानें पाहण्याचें धाडस कोणीं करूं नये. सकाळीं सूर्य पाठीशीं असतां खालीं दाट धुकें भरलें असेल, तर त्यावर आपली सांवली पडते आणि तिच्या मस्तकाभोंवतीं रंगीत वर्तुळ दिसतें. धुक्यांतील अतिसूक्ष्म जलबिंदूंवरून प्रकाश उलट फिरतांना त्याचे रंग वेगळे होतात, त्याचा हा परिणाम. कर्नल साइक्स यांनीं दख्खनच्या हवामानावरील १८३५ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत या गडावर पाहिलेल्या वर्तुळाकार इंद्रधनुष्याचें वर्णन केलें आहे. यांतील मौज अशी, कीं दहा माणसें शेजारीं उभीं असलीं तरी प्रत्येकाला तें वलय स्वतःच्याच मस्तकाभोंवतीं दिसतें.

तेथून उत्तरेस रतनगड. त्याच्या माथ्यावर खडकाला आरपार पडलेलें नेढें आहे, आणि वाटेवर मुक्कामाजोगी गुहा आहे. पायथ्याशीं रतनवाडींत अमृतेश्वराचें कोरीव मंदिर, आणि त्यापुढें प्रवरेवर १९२६ सालीं पुरें झालेल्या विल्सन धरणाचा जलाशय. मृगाच्या आधीं या बाजूच्या हिरडा, बेहडा आणि जांभळीच्या झाडांवर काजवे जमतात, आणि सबंध झाड एका लयींत उजळतें आणि विझतें. हा प्रकाश म्हणजे त्या जीवांची बोली आहे. नर खूण करितो आणि मादी उत्तर देते. अशा वेळीं मोटारीचे दिवे आणि विजेऱ्या त्यांच्यावर रोखल्या, म्हणजे भर सभेंत दोघांचें बोलणें चाललें असतां मध्यें ढोल पिटावा तसें होतें. काजवे पाहावयाचे तर आपला दिवा मालवून अंधारांत गप्प उभें राहावें. एवढें केलें तर पुढच्या वर्षींहि ते दिसतील.

आतां तिसरा आणि शेवटचा भाग, म्हणजे आपण काय करावें. कान्हेरी, पांडवलेणीं यांसारखीं संरक्षित लेणीं सूर्यास्तानंतर बंद असतात. तेथें रात्रीं राहतां येत नाहीं, आणि तें योग्यच आहे. कान्हेरी राष्ट्रीय उद्यानांत आहे, तर हरिश्चंद्रगड आणि रतनगड १९८६ सालीं झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यांत येतात. तेथें वनखात्याचे नियम लागू आहेत. गडावर मुक्कामाची परवानगी आहे कीं नाहीं, तें निघण्यापूर्वीं विचारून घ्यावें. नसेल तर मन खट्टू करून घेण्याचें कारण नाहीं. पांचनई, खिरेश्वर, रतनवाडी अशा पायथ्याच्या गांवीं घरोघरीं पाहुण्यांची सोय होते. शेणानें सारवलेली ओसरी, चुलीवरची भाकरी, पिठलें आणि ठेचा हा पाहुणचार कोणत्याहि पंचतारांकित जेवणाच्या तोडीचा आहे, आणि त्याचा पैसा त्या घरांतच राहतो. दिवसा गडावर जावें, रात्रीं गांवांत यावें.

जेथें मुक्कामाला मोकळीक आहे तेथें चार गोष्टी पाळाव्या. गुहेंत चूल पेटवूं नये. धुरानें छत काळें होतें, आणि हजार दीड हजार वर्षें टिकलेलीं अक्षरें काजळीखालीं जातात. टाक्यांत उतरूं नये, अंग किंवा भांडीं धुवूं नयेत. पोहऱ्यानें पाणी काढून दूर नेऊन वापरावें. शौचाला पाण्यापासून लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला जावें. आणि जें बरोबर नेलें तें सगळें परत आणावें. हे नियम नवे नाहींत. घरांतल्या विहिरीवर आपल्या आज्या हेच नियम पाळीत असत.

हें मी इतक्या कळकळीनें कां सांगतों, त्याला एक कारण आहे. विद्यार्थ्यांची टोळी घेऊन एका वैशाखांत आम्ही असाच एक गड उतरून आलों. मुलें वरच्या देखाव्याचें वर्णन करण्यांत दंग होतीं. पायथ्याच्या घरीं ताक देतांना तेथील म्हाताऱ्या बाईंनीं मला एकच प्रश्न केला, “गुरुजी, वरल्या टाक्यांत पाणी कितीक ऱ्हायलंय?” त्यांची गुरें आणि गुरांमागचीं पोरें त्या पाण्यावर पाऊस येईतों दिवस काढणार होतीं. आम्हांला जें टाकें देखाव्याचा एक भाग वाटलें, तें त्या घराचें धान्याचें कणग होतें. त्यांत कोणी साबण लाविला, कोणी उष्टें टाकलें, कोणी पाय बुडविले, तर त्याचा दंड आपल्याला भरावा लागत नाहीं. तो त्या बाईंना भरावा लागतो.

डोंगरांतील रम्य जागा ही कोणा एकाची कमाई नाहीं. खडक निसर्गानें दिला. खोली पाथरवटानें काढली. पैसा दात्यानें दिला. आणि आजवर राखण केली ती पायथ्याच्या गांवांनीं. आपण चार दिशांकडून येणारे पाहुणे. स्वच्छ पाणी, शाबूत अक्षरें, रात्रीचा अंधार आणि रानाची शांतता हें तेथलें मुद्दल आहे. दोन दिवसांची थंड हवा, डोळ्यांचें समाधान आणि गाढ झोंप हें त्याचें व्याज. उषवदाताच्या लेखांतील अट आपल्यालाहि लागू आहे: व्याज खुशाल घ्यावें, मुद्दलाला हात लावूं नये. या उन्हाळ्यांत आपण डोंगरांत मुक्कामाला जाल, तेव्हां निघतांना एकवार मागें वळून टाक्याकडे पाहावें. पाणी आलों तेव्हां होतें तसेंच नितळ असेल, तर आपला मुक्काम चांगला झाला असें समजावें.